ताब्याच्या दाव्यात मध्यस्थीची सक्ती: नेमकी कशाची आणि कुठवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा पुण्यात, बायको चार महिन्यांपासून नाशिकला माहेरी, सहा वर्षांची मुलगी आईजवळ. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज आहे आणि त्यातच मुलीच्या ताब्याचा. आधी समुपदेशकाकडे पाठवलं, तिथे जमलं नाही. आता मध्यस्थीचा आदेश झाला आहे. विचारणारा नवराच आहे, त्याचं म्हणणं असं: 'तडजोड होणार नाही हे मला आजच माहीत आहे. तरी जावंच लागेल का? नाही गेलो तर? आणि तिथे बोललेलं पुढे माझ्यावरच उलटलं तर?'

जावं लागेल. मान्य मात्र काहीही करावं लागणार नाही. सक्ती आहे ती समोर बसण्याची, सही करण्याची नव्हे. हा फरक नीट कळला नाही की दोन चुका होतात. काही जण रागाने जातच नाहीत आणि काही जण 'कोर्टानेच पाठवलंय' म्हणून घाबरून हवी तिथे सही करून येतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ९ नुसार, जिथे शक्य आहे तिथे पक्षकारांमध्ये तडजोड व्हावी म्हणून प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. समुपदेशकाची तरतूद कलम ६ मध्ये आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ जुलै २००२ पासून लागू झालं आणि मध्यस्थीकडे पाठवण्याचा दुसरा रस्ता खुला झाला. २०१० मध्ये अफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणते वाद अशा मार्गाला योग्य याची यादी दिली. त्यात वैवाहिक वाद, पोटगी आणि मुलांचा ताबा स्पष्टपणे आहे. म्हणजे पाठवण्याचा अधिकार निर्विवाद. मात्र व्यापारी दाव्यांत २०१८ पासून जशी 'आधी मध्यस्थी, मगच दावा' अशी अट आली, तशी ताब्यासाठी आपल्याकडे नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही दाव्यापूर्वीची मध्यस्थी ऐच्छिकच ठेवली आहे. त्यामुळे तुमचा अर्ज दाखल होण्यात काही चुकलं नाही आणि मध्यस्थी फसली म्हणून तो निकालीही निघणार नाही.

गैरहजर राहिल्यास तुरुंग वगैरे काही नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पुढे ठेवलेल्या मध्यस्थीच्या नमुना नियमांनुसार पक्षकाराने हजर राहायचं असतं आणि सबळ कारणाशिवाय टाळलं तर न्यायालय खर्च बसवू शकतं. त्याहून जास्त नुकसान रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत होतं. 'अर्जदार मध्यस्थीस गैरहजर' ही ओळ एकदा पडली की पुढच्या तारखेला भेटीसाठी तळमळीने केलेल्या युक्तिवादाचं वजन निम्मं होतं. मुलीला भेटायचंय म्हणणारा माणूस त्यासाठी दोन तास बसला नाही, एवढंच समोरच्या वकिलाला बोलायचं असतं.

आता समुपदेशन आणि मध्यस्थी यांतला फरक. दोन्हीकडे तेच ते विचारतात असं वाटतं, पण तसं नाही. समुपदेशक न्यायालयाचाच भाग. पहिला रोख साहजिकच 'पुन्हा नांदणार का' याकडे असतो. आधी दोघांशी वेगवेगळं, मग एकत्र बोलणं होतं आणि वकील सहसा आत नसतात. मध्यस्थ न्यायालयाच्या पॅनेलवरचा (यादीतला) असतो, बहुधा ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा निवृत्त न्यायाधीश. तो नांदण्याच्या प्रश्नात अडकत नाही. वेगळं राहायचंच असेल तर मुलीचं काय, इथून सुरुवात करतो. वकील सोबत बसू शकतात. न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रात पक्षकाराला फी पडत नाही. म्हणून समुपदेशन फसलं यावरून मध्यस्थीही फसणार असा हिशेब करू नका. नांदायला तयार नसलेले दोघे भेटीच्या वेळापत्रकावर एकमत होणं ही रोजची गोष्ट आहे.

बोललेलं उलटतं का? साधारणपणे नाही. मध्यस्थीत दिलेला प्रस्ताव, कबूल केलेली चूक, दाखवलेली तयारी, यांतलं काहीच पुराव्यात येत नाही. मध्यस्थी निष्फळ झाली तर मध्यस्थाने 'तडजोड झाली नाही' एवढंच एका वाक्यात कळवायचं, आत काय घडलं ते लिहायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं आहे. पण मुलांच्या बाबतीत एक अपवाद लक्षात ठेवा. समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल ताब्याच्या निर्णयासाठी न्यायालय पाहू शकतं, असं २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. कारण तिथे न्यायालय दोन पक्षांमधला पंच नसतं, मुलाचं पालक म्हणून बसलेलं असतं. शिवाय कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ असे अहवाल स्वीकारायला न्यायालयाला बरीच मोकळीक देतं. थोडक्यात, तुमचं बोलणं गुप्त राहील. मुलगी जे बोलेल ते राहीलच असं नाही.

म्हणूनच मुलीला पढवून नेऊ नका. ते लगेच कळतं. सहा वर्षांचं मूल 'मला बाबांचा ॲक्सेस नको' असं म्हणालं की शब्द कुणाचा हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मध्यस्थ शक्यतो लहान मुलाला बोलावतच नाही. बोलावलं तर आदल्या रात्री शिकवणी घेण्यापेक्षा तिला पोटभर जेवू घालून आणि झोप पुरी करून आणा. शाळेच्या परीक्षेचा दिवस असेल तर दुसरी तारीख मागा, मिळते.

एक गोष्ट मध्यस्थीच्या पहिल्या तारखेच्या आधी करा: अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या भेटीचा अर्ज. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो पुण्यातच, चालू अर्जात देता येतो. स्वतंत्र पालकत्वाचा अर्ज करायचा असता तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मुलगी सामान्यतः जिथे राहते तिथे, म्हणजे बहुधा नाशिकला जावं लागलं असतं. बहुतेक जण मध्यस्थी संपेपर्यंत थांबतात. नमुना नियमांत मध्यस्थीला ६० दिवस आणि वर जास्तीत जास्त ३० दिवसांची वाढ आहे. प्रत्यक्षात एक तारीख वकिलाच्या अडचणीत, एक सुट्टीत जाते. आधीचे चार महिने आणि हे तीन, अशा सात महिन्यांत मुलगी तुम्हाला विसरत नाही, पण लाजायला लागते. त्यात 'सध्या आहे ते चांगलं चाललंय, कशाला बदला' हा मुद्दा समोरच्याच्या हाती आयता येतो. मध्यस्थी चालू असताना अंतरिम भेट मिळणं नियमबाह्य नाही. उलट दोन-तीन भेटी शांतपणे पार पडल्या की मध्यस्थाचं अर्धं काम झालेलं असतं.

मुलगी सहा वर्षांची आहे म्हणून 'पाच वर्षांखालचं मूल आईकडे' हा १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचा नियम आता लागू नाही, असा युक्तिवाद तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तो नियमही 'सामान्यतः' असाच आहे आणि पाच पूर्ण झाल्या दिवशी पारडं बापाकडे झुकतं असं काही नाही. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं. मध्यस्थीत हा मुद्दा काढून काही मिळत नाही, फक्त समोरची बाजू ताठर होते.

बैठकीला जाताना काय न्यावं? आरोपांची फाइल घरी ठेवा. शाळेचं वार्षिक वेळापत्रक, मुलीच्या लसीकरणाचं पुस्तक, तुमच्या ड्युटीचा तक्ता, पुणे-नाशिक प्रवासाचा हिशेब आणि कोऱ्या कागदावर तुम्हीच काढलेलं वर्षभराचं कॅलेंडर न्या. त्याच्या दोन आवृत्त्या असू द्या: एक तुम्हाला हवी ती, दुसरी तुम्ही निभावू शकाल ती. बैठक दुसरीवरच मिटते. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मालमत्ता आणि दायित्वाचं शपथपत्र द्यावं लागतं. ते तयार नसेल तर पैशांचा विषय निघाला की बैठक तिथेच अडकते.

खरं काम अटींच्या मसुद्यात आहे. फसलेली बहुतेक तडजोडपत्रं एका शब्दापायी फसतात: 'वाजवी'. 'वडिलांना वाजवी वेळी भेटता येईल.' लिहायला हे वाक्य गोड आहे, पण अंमलबजावणीच्या वेळी ते शून्य असतं, कारण वाजवी म्हणजे काय हे ठरवायला पुन्हा त्याच न्यायालयात यावं लागतं.

तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न अंतराचा. पुणे ते नाशिक दोनशेच्या वर किलोमीटर, एका बाजूचे पाच तास. दर रविवारची भेट लिहून घेतली तर दोन महिन्यांत मोडेल आणि मोडल्याचा दोष तुमच्या नावावर पडेल. त्यापेक्षा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ५. सुरुवातीचे तीन महिने मुक्काम नाशिकमध्येच, त्यानंतर एक भेट नाशिकला आणि एक पुण्याला. मुलीला कोण आणणार, कोण पोचवणार, कुठे सोपवणार? आजोळच्या दारात सोपवू नका. तिथे आजी-मामा जमतात आणि मागचा सगळा हिशेब निघतो. शाळेचं फाटक, ओळखीच्या तिसऱ्या माणसाचं घर किंवा सुरुवातीला न्यायालयातला मुलांचा कक्ष बरा. उशीर झाला तर किती वेळ थांबायचं? ४५ मिनिटं लिहा, कारण सिन्नर-संगमनेरच्या रस्त्याचा भरवसा नाही. मुलगी आजारी असेल तर कळवायचं कधी (आदल्या रात्री ९ पर्यंत), कशावर (व्हॉट्सॲपवर लेखी), आणि बुडालेली भेट भरून कधी द्यायची (पुढच्या शनिवारी). हे बारीकसारीक वाटेल, पण भांडणं याच बारकाव्यांवर होतात.

रोजच्या फोनचंही लिहा. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता आलं पाहिजे. त्याचा आधार घ्या आणि वेळ ठरवा: रात्री ८ ते ८.१५, व्हिडिओ कॉल, कुणाच्या फोनवर तेही. 'मुलीच्या सोयीने' एवढंच लिहिलंत तर तिची सोय कधीच होणार नाही. कॉल रेकॉर्ड करणार नाही हे दोघांनी लिहून द्यावं. एकाने रेकॉर्डिंग सुरू केलं की दुसरा करतोच, आणि मूल फोनवर गप्प बसायला शिकतं.

सुट्ट्यांचा भाग सर्वांत जास्त वेळ खातो, खाऊ द्या. 'उन्हाळ्याची अर्धी सुट्टी' लिहू नका. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, विदर्भात त्याहून उशिरा. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊन मध्ये सुट्टी लागते. अर्धी म्हणजे कुठली अर्धी? शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे पहिले १५ दिवस की शेवटचे, सम वर्षी कुणाकडे आणि विषम वर्षी कुणाकडे, ते लिहा. सणांचंही तसंच. तुमच्या घरी गौरी-गणपती असतील तर ते दिवस स्पष्ट मागा आणि बदल्यात दिवाळीचं लक्ष्मीपूजन आईकडे जाऊ द्या. भाऊबीजेला चुलतभाऊ पुण्यात आणि मामेभाऊ नाशिकला असतील तर वर्षाआड ठेवा. वाढदिवसाला मुलीचे दोन तुकडे करू नका. शाळेच्या दिवशी आला तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच, आणि दुसऱ्याने पुढच्या शनिवारी साजरा करावा.

शाळेत दोन्ही पालकांची नावं आणि दोघांचेही फोन नोंदलेले राहतील, प्रगतिपुस्तक दोघांना मिळेल, शाळा बदलायची तर ३० दिवस आधी लेखी कळवायचं, या तीन ओळी विसरू नका. पासपोर्टचीही एक ओळ हवी. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी साधारण दोन्ही पालकांच्या सह्यांचं ॲनेक्शर डी लागतं. एकच पालक अर्ज करत असेल तर ॲनेक्शर सी भरून कारण द्यावं लागतं. पासपोर्ट कुणाकडे राहील आणि परदेशी न्यायचं तर किती दिवस आधी तिकिटाची प्रत द्यायची, हे आज गरजेचं वाटलं नाही तरी लिहून ठेवा.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगतो. मुलीचा खर्च आणि मुलीची भेट यांची अदलाबदल करू नका. 'भेट सोडतो, पोटगी मागू नका' किंवा 'पैसे थकले तर भेट बंद' या दोन्ही अटी वाईट. पहिली तर मुलीवर बंधनकारकच ठरत नाही. आईने मुलीच्या वतीने पोटगीवर पाणी सोडलं तरी मुलीचा हक्क जात नाही. शाळेच्या फीची ठरावीक रक्कम लिहिण्यापेक्षा टक्केवारी लिहा आणि ती थेट शाळेच्या खात्यात भरली जाईल असं ठरवा. फी दरवर्षी वाढते, तडजोडपत्रातला आकडा वाढत नाही.

फौजदारी तक्रार चालू असेल तर ती काढून घेणं मध्यस्थाच्या हातात नसतं. ज्या गुन्ह्यांत कायद्याने परस्पर तडजोड चालत नाही तिथे रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून 'तक्रार मिटल्यावर भेट सुरू' अशी साखळी बांधू नका. तसंच परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन टप्प्यांमध्ये साधारण सहा महिने जातात आणि मधल्या काळात कुणीही मागे फिरू शकतं. ताब्याच्या अटी घटस्फोटाला लटकवल्या की त्याही सोबत कोसळतात. त्या स्वतंत्र, लगेच लागू होणाऱ्या आदेशाच्या रूपात नोंदवून घ्या.

मध्यस्थी कुठे नको, हेही सांगायला हवं. बायकोने मारहाणीचे आरोप केले असतील तर तिला तुमच्यासमोर बसायला भाग पाडणं चूक आहे, आणि दबावाखाली दिलेली संमती टिकतही नाही. अशा वेळी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मध्यस्थाने ये-जा करावी, किंवा तिने प्रकरण परत पाठवण्याची विनंती करावी. संरक्षणाचा आदेश झाला असेल तर त्याची प्रत मध्यस्थाला पहिल्याच दिवशी द्यायला हवी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप असेल तर त्यावर तडजोड होऊच शकत नाही. तो मिटवण्याचा विषय नाही, आणि असं सुचवणारा मध्यस्थ आपली मर्यादा ओलांडतो.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी थोडं. कॅलिफोर्नियात ताब्याच्या वादात मध्यस्थी १९८१ पासून सक्तीची आहे, आणि तिथल्या बऱ्याच काउंटींमध्ये एकमत झालं नाही तर तोच मध्यस्थ न्यायाधीशांना शिफारस करतो. म्हणजे आपल्या गुप्ततेच्या भरवशावर तिथे मोकळं बोलणं धोक्याचं. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अर्जापूर्वी मध्यस्थीची माहिती-बैठक घ्यावी लागते, ऑस्ट्रेलियात प्रयत्न केल्याचं प्रमाणपत्र लागतं. दोन्हीकडे घरगुती हिंसेला सूट आहे. मूल तिकडे राहत असेल तर पुण्यात केलेली तडजोड तिथे आपोआप चालत नाही, तिथल्या न्यायालयाकडून तसाच आदेश घ्यावा लागतो. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग बालअपहरण कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे तिथला आदेश इथे राबवतानाही तेवढीच अडचण.

सही करण्याआधी मसुदा घरी न्या. 'आजच उरकून टाकू' ही घाई बहुधा संध्याकाळी साडेचारला होते आणि त्या वेळी केलेल्या सह्याच नंतर खुपतात. मसुदा इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि दोन्ही बाजूंना तो समजल्याची ओळ त्यात घाला. केंद्रात सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असंही नाही. न्यायाधीशांसमोर पुरसीस (लेखी निवेदन) देऊन, दोघांना विचारून, त्या अटींप्रमाणे आदेश झाला पाहिजे. तोवर तो कागद दरखास्तीत, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीच्या अर्जात चालत नाही. एकदा संमतीचा हुकूमनामा (डिक्री) झाला की त्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ नुसार अपील नाही. पण ताब्याच्या अटी कायमच्या दगडावर कोरलेल्या नसतात. परिस्थिती बदलली तर दोघांपैकी कुणीही बदल मागू शकतं. तो प्रसंग येण्याआधीच मुलगी १० वर्षांची झाल्यावर आणि पुन्हा दहावीच्या वर्षाआधी वेळापत्रकाचा फेरविचार करू, अशी ओळ घालून ठेवा.

आदेश झाला की त्याच आठवड्यात त्याच्या नकलेचा (प्रमाणित प्रतीचा) अर्ज करा आणि तीन प्रती काढा: एक स्वतःकडे, एक शाळेच्या कार्यालयात द्यायला, आणि एक गाडीत, भेटीच्या दिवशी लागली तर.